तळघरातली साखर

युरोपीय आयोगाच्या ३१ मे २००५ च्या एका नियमात पाच ओळींची यादी आहे. सायप्रस ४०,२१३. लाटव्हिया १०,५८९. स्लोव्हाकिया १०,२२५. माल्टा २,४५२. आणि एस्टोनिया ९१,४६४. आकडे टनांत, माल साखर. आदल्या वर्षी, १ मे २००४ ला, दहा नवे देश युरोपीय महासंघात आले. त्या दिवशी या पाच देशांत नेहमीच्या गरजेपेक्षा इतकी साखर जास्त साठलेली होती, असा त्या यादीचा अर्थ. बाल्टिक समुद्रकाठच्या, १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियाची लोकसंख्या तेव्हा साडेतेरा लाखांच्या आसपास. भागाकार केला की माणशी सदुसष्ट-अडुसष्ट किलो येतात, त्यात पाळण्यातलं पोरही आलं. ही साखर मुदतीत बाजाराबाहेर घालवा, नाहीतर तिचे पैसे भरा, असा हुकूम होता. एस्टोनियाचं सरकार म्हणत होतं, की यातली बरीचशी साखर आमच्या हातात नाहीच. ती लोकांच्या घरात आहे, फडताळात, तळघरात, जॅमच्या बरण्यांत. ती आम्ही कशी काढून आणायची?

ऐकून हसावं आणि सोडून द्यावं असा हा वाद. पण तो सोडवत नाही, कारण दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर दिसतात. छोटा देश मोठ्या संघात जातो म्हणजे काय होतं, हे सांगायला झेंडे, आतषबाजी आणि राष्ट्रप्रमुखांच्या सह्या यांचे फोटो पुष्कळ आहेत. त्यांतून काही कळत नाही. साखरेच्या या हिशेबातून मात्र बरंच कळतं.

आधी तळघर. एस्टोनियात गावाकडच्या घराखाली तळघर असतंच. शहरातल्या सोव्हिएत काळच्या इमारतींतही खाली बोळकांडीत लाकडी फळ्या ठोकून केलेले खण असतात, फ्लॅटमागे एक, प्रत्येकाला कुलूप. आत ओलसर मातीचा, बटाट्याचा आणि बडीशेपेच्या पाल्यात घातलेल्या काकड्यांचा मिसळलेला वास. जूनअखेरीस स्ट्रॉबेरी येते, जुलैत जंगलातली बिलबेरी, मग परसातले लाल-काळे करंट, ऑगस्ट सरता सरता लिंगनबेरी आणि शरदात दलदलीतली क्रॅनबेरी. उन्हाळा इन-मीन तीन महिन्यांचा, आणि हिवाळा असा की डिसेंबरात दुपारी साडेतीनला दिवे लावावे लागतात. त्यामुळे या तीन महिन्यांत जे येईल ते बरणीत जातं. शिजवलेल्या जॅमला किलोभर फळाला साधारण किलोभर साखर. तिकडे एक कच्चा जॅमही करतात. फळ चेचायचं, त्यात साखर घालायची आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत अधूनमधून ढवळत राहायचं. विस्तवाचा संबंधच नाही. त्याला साखर जास्त लागते, सव्वापट, कधी दीडपट. आपल्याकडे साखरांब्याच्या पाकात कुणी हात आखडता घेतला की काय होतं ते ठाऊक असलेल्यांना इथलं गणित वेगळं सांगायला नको. साखर फळातलं पाणी स्वतःकडे ओढून धरते, म्हणून जंतूंना ते मिळत नाही. साखर कमी पडली की बरणीच्या काठाशी बुडबुडे दिसायला लागतात, झाकण फुगतं आणि उघडल्यावर आंबूस, दारूसारखा वास येतो. परसात करंटची चार-सहा झुडपं आणि जवळपास जंगल असलेल्या घराला एका हंगामात वीस-तीस किलो साखर सहज लागते. तेव्हा साखरेचं पोतं घरात असणं ही तिकडे हावरटपणाची खूण नाही.

त्याला आणखी एक थर आहे, तो आठवणीचा. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली. दुकानातली व्होडका आटली तशी लोकांनी घरी भट्ट्या लावल्या. घरच्या दारूला साखर आणि यीस्ट लागतं, म्हणून सोव्हिएत संघभर दुकानांतून साखर दिसेनाशी झाली आणि अखेर कूपनवर आली. म्हणजे मॉस्कोतल्या एका सदिच्छेच्या हुकुमामुळे एस्टोनियाच्या राजधानीतल्या, टॅलिनमधल्या आजीच्या जॅमला साखर मिळेना. ज्यांनी चाळिशीत हे पाहिलं ते २००४ मध्ये साठीला टेकले होते. 'वरून' काही मोठं ठरलं की आधी साखर भरून ठेवावी, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. साखर नासत नाही, तिला उंदराशिवाय वैरी नाही, दमट हवेत फार तर ढेकळं होतात आणि ती फोडता येतात. नोटांपेक्षा ती भरवशाची, हा अनुभवही ताजाच होता. जून १९९२ मध्ये रूबल जाऊन क्रून आला तेव्हा माणशी फक्त १,५०० रूबल दहाला एक या दराने बदलून मिळाले होते.

आता साखर महाग का होणार होती, ते. इथे गोष्ट उलटी आहे, आणि मला ती सगळ्यांत चविष्ट वाटते. समाजवादातून बाहेर पडलेला देश मुक्त बाजाराच्या संघात जातो आणि तिथे त्याला मोकळीक मिळते, अशी आपली समजूत असते. एस्टोनियाचं तसं नव्हतं. १९९२ मध्ये मार्ट लार हे बत्तिशीतले इतिहासाचे अभ्यासक पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने आयात शुल्क जवळजवळ पुसून टाकलं. १९९४ पासून सगळ्यांना एकच २६ टक्के प्राप्तिकर. बाहेरून लोणी आलं, मांस आलं, साखर आली, कशावरही जकात नाही. एस्टोनियाच्या शेतकऱ्यांचे त्यात हाल झाले. युरोपातलं अनुदानावर पोसलेलं स्वस्त लोणी त्यांच्याच दुकानात त्यांच्या लोण्याशेजारी येऊन बसलं. पण साखर मात्र जागतिक बाजारभावाने मिळत होती, आणि देशात साखर कारखाना नसल्यामुळे तिच्यावर जकात लावा म्हणून ओरडणारंही कुणी नव्हतं. महासंघात जायचं म्हणजे महासंघाचं आयात शुल्क स्वीकारायचं. ज्या देशाने भिंती पाडल्या त्याने युरोपाच्या बाजारात शिरण्यासाठी हजारो वस्तूंवर नव्याने भिंती उभारायच्या, असा तो सौदा होता.

आणि युरोपाची साखर! तिच्याइतकी नियोजनात जखडलेली वस्तू मॉस्कोतल्या नियोजन मंडळानेही क्वचितच पाहिली असेल. प्रत्येक देशाला उत्पादनाचा कोटा, कारखान्याला कोटा, बीटाला किमान भाव, आणि पांढऱ्या साखरेला टनामागे ६३१.९ युरोंचा आधारभाव. जागतिक बाजारात तेव्हा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भाव चालू होता. बाहेरची साखर आत येऊ नये म्हणून जबर शुल्क, आणि आतली जास्तीची साखर बाहेर विकली जावी म्हणून निर्यातदाराला भावातला फरक भरून देणारा परतावा. भारतासारख्या काही देशांना सवलतीचे छोटे कोटे होते. आपला वर्षाला १०,००० टन. लेव्ही, महिन्याचा विक्री कोटा आणि उसाचा ठरवून दिलेला भाव हे शब्द ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या व्यवस्थेत परकं असं काही वाटायचं नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत तिच्याविरुद्ध दाद मागितली आणि ते जिंकले, पण तो निकाल लागेपर्यंत एस्टोनिया आत येऊन बसला होता.

मग व्हायचं तेच झालं. एका ठरलेल्या तारखेला एका वस्तूचा भाव चढणार, ती वस्तू नासत नाही, सीमेवर जकात नाही आणि तारीख महिनोन् महिने आधी छापून आलेली. व्यापाऱ्याने जहाजभर मागवली, दुकानदाराने पोती रचली, बाईने हातगाडीवरून दोन पोती आणून तळघरात ठेवली. यात कायदा कुणीही मोडला नाही. पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक या देशांचे स्वतःचे साखर कारखाने होते, त्यांना सांभाळायला आधीपासून जकात होती, म्हणून तिथे भावातली दरी लहान आणि साठवण्यात फारसा नफा नाही. जो देश बाजाराच्या बाबतीत सगळ्यांत सोवळा, त्याच्याच डोक्यावर सगळ्यांत मोठा आकडा आला.

आकडा काढायची रीत साधी होती. देशात आलेली साखर, त्यातून बाहेर गेलेली वजा. मे २००३ ते एप्रिल २००४ या वर्षाचा हा हिशेब आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहायचा. नेहमीपेक्षा जेवढी जास्त राहिली तेवढी अतिरिक्त. ती निकालात काढायचे तीन मार्ग: परतावा न घेता महासंघाबाहेर निर्यात, इंधनासाठी वापर, किंवा माणसाने खाऊ नये असं काही मिसळून जनावरांच्या खाद्यात. मुदत आधी एप्रिल २००५ अखेरची होती, ती नोव्हेंबर २००५ अखेरपर्यंत वाढवली. पण तिन्ही मार्ग कारखान्याच्या गोदामातल्या साखरेला लागू पडतात. बरणीत लिंगनबेरीशी एकजीव झालेली साखर निर्यात कशी करणार? जी मुदतीत निकालात निघणार नाही तिच्यावर त्या काळातल्या सर्वांत जास्त निर्यात परताव्याच्या दराने आकारणी, म्हणजे टनाला जवळपास ५०० युरो. गुणाकार साडेचार कोटी युरोंच्या पलीकडे जातो. शिक्षा म्हणून कुणी हा आकडा मनाने ठरवला नव्हता. ही साखर महासंघाच्या बाजारात खपली तर तेवढीच दुसरी साखर परतावा देऊन बाहेर घालवावी लागेल, तो खर्च तुम्ही द्या, इतका सरळ तर्क. महासंघाच्या ब्रुसेल्समधल्या कारकुनाच्या जागी बसून पाहिलं तर त्यात चूक सापडत नाही.

आणि ते कलम लपवलेलंही नव्हतं.

१६ एप्रिल २००३ ला अथेन्समध्ये, अ‍ॅटालसच्या पुरातन स्तंभदालनात, प्रवेशकरारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडपत्रांत शेतीच्या भागात स्पष्ट लिहिलेलं होतं, की नव्या देशांतला नेहमीच्या शिलकीपेक्षा जास्त असलेला साठा, मग तो सरकारी असो की खासगी, त्या देशांच्याच खर्चाने निकालात काढावा लागेल. 'खासगी' हा शब्द तिथे होता. एस्टोनियाने नंतर महासंघाच्या न्यायालयात म्हटलं, की घरगुती साठा त्यात धरू नये, घरी साखर साठवणं आणि जॅम करणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतलं आणि २ ऑक्टोबर २००९ ला दावा फेटाळला. वेळेत आयात आवरायला तुमचे हात कुणी बांधले होते, असा एकूण सूर. याचं उत्तर एस्टोनियाकडे होतं, पण ते कायद्याचं नव्हतं. बारा वर्षं मुक्त व्यापाराचा जप केलेल्या सरकारने शेवटच्या काही महिन्यांत आजीबाईच्या साखरेवर जकात बसवायची, हे त्यांच्या तोंडातून निघणंच कठीण होतं. जनमत घ्यायच्या वर्षात तर नाहीच.

त्या जनमताचे आकडेही पाहावेत. १४ सप्टेंबर २००३, मतदान ६४ टक्के, बाजूने ६६.८३ टक्के. लाटव्हियापलीकडच्या लिथुआनियात हाच होकार ९० टक्क्यांच्या आसपास होता. एस्टोनियात एका मोठ्या पक्षाने ऐन ऑगस्टमध्ये अधिवेशन घेऊन प्रवेशाविरुद्ध कौल दिला होता. एका संघातून सुटून जेमतेम बारा वर्षं होतात तोच दुसऱ्यात का जायचं, हा प्रश्न हॉटेलातल्या गप्पांपासून पत्रकांपर्यंत सगळीकडे होता. त्याला छापील उत्तर असं, की त्या संघात आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, या संघात आपण अर्ज करून जातोय आणि हवं तर बाहेर पडू. हे खरंच आहे. पण विचारलं कुणाला, तेही पाहावं लागतं. १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्व आपोआप. सोव्हिएत काळात येऊन वसलेल्यांना भाषेची परीक्षा देऊन. ज्यांनी ती दिली नाही ते कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्यांचा राखाडी पासपोर्ट घेऊन राहिले, प्रवेशाच्या वेळी दीड लाखाच्या वर. त्यांना स्थानिक निवडणुकीत मत होतं, या जनमतात नव्हतं. ईशान्येच्या नार्वा शहरातल्या एखाद्या निवृत्त रशियन कामगाराच्या खणातली साखर त्या ९१,४६४ टनांत नक्की मोजली गेली असणार. त्याचं मत मोजलं गेलं नाही. महासंघात व्हिसाशिवाय फिरायलाही त्याला जानेवारी २००७ उजाडावा लागला.

वाटाघाटी मात्र एस्टोनियाने जिवाच्या करारावर केल्या, आणि कुठे जोर लावायचा याची त्यांची निवड पाहिली की देशाचा स्वभाव कळतो. ३१ मार्च १९९८ ला सुरुवात, एकतीस प्रकरणं, डिसेंबर २००२ मध्ये कोपनहेगनला शेवट. महासंघाच्या कायद्यांची पानं तेव्हा ८०,००० च्या घरात सांगत. ते कायदे बदलून मिळत नाहीत. मिळते ती सवलतीची मुदत, आणि अगदी क्वचित कायमचा अपवाद. एस्टोनियाने वेळ मागून घेतला तो ऑइल शेलसाठी. ईशान्येला नार्वाच्या आसपास जमिनीतून निघणारा हा तपकिरी, जळणारा खडक. देशाची जवळजवळ सगळी वीज त्यावर, आणि हजारो बहुतांशी रशियन भाषक कामगारांची चूलही त्यावरच. विजेचा बाजार एका झटक्यात खुला केला तर कोपऱ्यातला तो सगळा पट्टा बसला असता, म्हणून पूर्ण खुला करायला २०१२ अखेरपर्यंतची मुदत पदरात पाडून घेतली. शेतजमीन परक्यांना विकण्यावर सात वर्षांचा लगाम. आणि प्राणी! युरोपात जपल्या जाणाऱ्या अधिवासांच्या यादीत लांडगा, लिंक्स (एक मोठं रानमांजर) आणि अस्वल या नावांपुढे आजही कंसात 'एस्टोनियातले वगळून' अशा अर्थाची टीप आहे. तिथल्या जंगलांत हे प्राणी पश्चिम युरोपासारखे दुर्मीळ नाहीत आणि शिकारीचे परवाने मोजून दिले जातात, हे ब्रुसेल्सला पटवून देण्यात कुणाचे तरी कितीतरी दिवस गेले असतील. लिंक्स सुटला. साखर कुणाच्या ध्यानातच आली नाही, कारण तिचा कारखाना नव्हता, संघटना नव्हती, खात्यात तिचं टेबल नव्हतं. वाटाघाटीत ज्याच्या नावाने कुणी बैठकीला बसत नाही ते निसटतं, हा नियम मोठ्या देशांनाही लागू आहे. छोट्या देशात बसणारी माणसंच मोजकी, म्हणून निसटणारं जास्त.

जे पदरात पडलं त्यातही उसाभर होती. शेतकऱ्याला थेट अनुदान मिळणार, पण पहिल्या वर्षी जुन्या देशांच्या २५ टक्के, मग ३०, मग ३५, मग ४०, आणि पुढे दरवर्षी दहा टक्के वाढत २०१३ मध्ये पुरतं. माल मात्र पहिल्या दिवसापासून खुल्या बाजारात. कामगारांना येण्याजाण्याचं स्वातंत्र्य मिळालं, पण जुन्या देशांना ते दोन, अधिक तीन, अधिक दोन अशी सात वर्षं अडवून धरायची मुभा. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी लगेच दार उघडलं. टॅलिनहून बोटीने दोन तासांवर असलेल्या फिनलंडने दोन वर्षं थांबवलं. टॅलिनचा गवंडी डब्लिनला मोकळेपणी जाऊ शकत होता आणि समोर जवळजवळ दिसणाऱ्या हेलसिंकीला नाही. गंमत अशी, की माणसं अडवली तरी बाटल्या अडवता आल्या नाहीत. १ मे पासून एस्टोनियातून स्वतःपुरती दारू आणण्यावरची मर्यादा उठणार होती. मार्गदर्शक प्रमाण होतं माणशी दहा लिटर कडक दारू, नव्वद लिटर वाइन आणि एकशेदहा लिटर बिअर. आपलं दुकान ओस पडेल या धास्तीने फिनलंडने १ मार्च २००४ ला दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश कापून टाकला. त्या वर्षी फिनलंडमधलं मद्यपान सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं आणि यकृताच्या आजाराने जाणारी माणसंही वाढली. साडेतेरा लाखांचा देश संघात आला आणि बावन्न लाखांच्या शेजाऱ्याचं यकृत बिघडलं. प्रवेशाचे परिणाम सांगणाऱ्या कुठल्याही सरकारी पुस्तिकेत हे वाक्य सापडणार नाही.

पुढे हाच चक्राचा आरा एस्टोनियाच्या पाठीत बसला. दक्षिणेला वाल्गा नावाचं गाव आहे. त्याचाच दुसरा अर्धा भाग लाटव्हियात, तिथे त्याला वाल्का म्हणतात. १९२० मध्ये दोन नवे देश भांडायला उठले तेव्हा एका ब्रिटिश लवादाने गावातून रेघ ओढली. डिसेंबर २००७ मध्ये शेंगेन, म्हणजे तपासणीशिवाय सीमा ओलांडण्याची व्यवस्था, आली, नाकी उठली आणि रेघ कागदावरच उरली. मग एस्टोनियाने दारूवरचा कर चढवत नेला तसे गाड्या भरभरून लोक वाल्काला जायला लागले, आणि दारूची मोठाली दुकानं नेमकी रेघेपलीकडे उघडली. अखेर १ जुलै २०१९ ला एस्टोनियाला कर चतुर्थांशाने उतरवावा लागला. अर्थमंत्री कुठल्याही देशाचा असो, शेजारच्या गावातला भाव त्याला घाम फोडतो.

लाटव्हियाचं नाव निघालंच आहे तर तिथल्या साखरेची कथाही सांगून टाकू, कारण ती जास्त कडू आहे. त्यांच्याकडे कारखाने होते: येल्गावा, लिएपाया, येकाबपिल्स. महासंघात येताना त्यांनी भांडून ६६,५०५ टनांचा कोटा मिळवला. दोन वर्षांत महासंघाने साखरेची व्यवस्थाच बदलली. आधारभाव उतरवला आणि कोटा सोडून कारखाना पाडणाऱ्याला टनाला ७३० युरो देऊ केले. अट अशी, की पूर्ण रक्कम हवी तर नुसतं कुलूप लावून चालणार नाही. यंत्रं उचकटायची, जागा साफ करायची. लाटव्हियाने सगळाच कोटा सोडला. २००७ पर्यंत देशातला साखर उद्योग शून्यावर आला. बीट पिकवणाऱ्यांच्या हाती पैसा पडला, हे खरं. पण ज्या गावात दर शरदात बीटाच्या गाड्यांची रांग लागायची आणि हवेत तो उकडलेल्या मातीसारखा गोडसर वास असायचा, तिथे काय उरलं, ते साखर कारखान्याभोवती वाढलेलं कुठलंही गाव डोळ्यांपुढे आणलं की कळतं. शेवटी ३० सप्टेंबर २०१७ ला साखरेचे उत्पादन कोटेच संपले. ज्या व्यवस्थेचा हिशेब चुकता करायला एस्टोनियाने साडेचार कोटी युरोंवर पाणी सोडलं, ती व्यवस्था तेरा-चौदा वर्षांत इतिहासजमा झाली.

म्हणून महासंघ म्हणजे सोव्हिएत संघाचीच दुसरी आवृत्ती, असं म्हणायचं का? २००३ मध्ये टॅलिनच्या भिंतींवर हे म्हणणारे होतेच. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण पुन्हा याच प्रकरणाच्या शेपटात आहे. साखरेखेरीज इतर शेतमालाच्या जास्तीच्या साठ्यांवरही आकारणी होती. लसूण, तांदूळ, डबाबंद अळंबी असल्या मालावरही. एस्टोनियाने तो पैसा व्यापाऱ्यांकडून घ्यायला कायदा केला. आधीच्या चार वर्षांत १ मे रोजी असलेल्या साठ्याची सरासरी, तिला १.२ ने गुणायचं, त्याच्यावरचं सगळं अतिरिक्त. कंपन्या न्यायालयात गेल्या. पिमिक्स नावाच्या, तोवर बुडालेल्या एका कंपनीचा खटला थेट लक्झेम्बर्गला, महासंघाच्या न्यायालयात पोचला. १२ जुलै २०१२ ला निकाल आला, की ज्या युरोपीय नियमावर ही आकारणी उभी आहे तो १ मे २००४ ला एस्टोनियन भाषेत राजपत्रात छापलेलाच नव्हता. आणि जो नियम माणसाला त्याच्या देशाच्या भाषेत वाचता येत नव्हता तो त्याच्यावर लादता येत नाही. ऐंशी हजार पानांच्या ढिगात ही पानं वेळेवर छापून झाली नव्हती. दिवाळखोर कंपनीपुढे अख्ख्या महासंघाचा नियम लटका पडला. कूपनवाल्या साखरेच्या काळात असा दावा कुठल्या खिडकीवर दाखल केला असता? सरकार साखरेचा खटला हरलं ते याच न्यायालयांच्या आवारात, ही गोष्टही विसरून चालत नाही. हरण्याची सोय असणं हीसुद्धा मिळकतच. फक्त ती फार महाग पडते आणि तिचं बिल ज्यांनी दावा लावला त्यांच्या नावावर येतंच असं नाही. एस्टोनियात ते करदात्यांवर आलं, ज्यांनी साखर साठवली त्यांच्यावर आणि ज्यांनी नाही त्यांच्यावरही, सारखंच.

जास्तीच्या साठ्याचं ते कलम पुढेही चालू राहिलं. २००७ मध्ये बल्गेरिया-रुमेनियाला लागलं, २०१३ मध्ये क्रोएशियाला. आता दारात मोंटेनेग्रो २०१२ पासून वाटाघाटी करत बसला आहे, आणि युक्रेन-मोल्दोवाशी त्या जून २०२४ मध्ये सुरू झाल्या. मोल्दोवात आलुबुखार पिकतो, घरोघरी वाइन आणि मुरवलेली फळं असतात. तिथल्या शेतीखात्याने शेतीचं प्रकरण उघडण्याआधी तीन कामं करून ठेवावीत. एक म्हणजे मागच्या चार-पाच वर्षांच्या आयात-निर्यातीचे मालवार आकडे, कारण सरासरी त्यांच्यावरच निघणार. दुसरं, ज्या नासत नसलेल्या वस्तूंच्या आतल्या आणि बाहेरच्या भावात मोठी फट आहे त्यांची यादी, आणि ती फट शुल्काने दोन वर्षं आधीपासून हळूहळू बुजवण्याची तयारी. शेवटच्या महिन्यात लावलेली जकात फक्त दुकानापुढची रांग वाढवते. आणि तिसरं, 'खासगी साठा' म्हणजे गोदाम की घरसुद्धा, हे सहीच्या आधी लेखी विचारून घेणं. वस्तू बहुधा साखर नसेल. सिगारेट असेल, सूर्यफुलाचं तेल असेल, किंवा असं काही, की ज्याचं टेबल सध्या कुठल्याच खात्यात नाही.